एक घर, दोन ऑफिसं, एक शाळा आणि एकच राउटर: आधी काय सुधारावं?

दुपारपाळी
२०२१ मध्ये कोरोनाचा लॉकडाऊन उठायचा, पुन्हा लागायचा. 'तात्पुरतं चालवून घेऊ' म्हणून टेबलावर मांडलेलं ऑफिस आता तिथून हलायचं नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. तर प्रश्न असा: समजा दोन खोल्या, दोघांचं ऑफिस, एका मुलाची शाळा, आणि सकाळी ९ ते १ तिघांचे कॉल एकाच वेळी. राउटर बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात. कॉल तुटतात, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या मीटिंगमध्ये जातं, संध्याकाळी मान धरते. पैसे आणि खटपट दोन्ही मर्यादित असेल तर आधी कशाला हात घालावा?

माझं मत: नेटचा प्लॅन वाढवणं हा शेवटचा उपाय, पण सगळे सुरुवात तिथूनच करतात. जाणकारांनी आकड्यांसकट लिहा. 'सकारात्मक राहा' छाप सल्ले नकोत, ते फॅमिली ग्रुपवर मुबलक मिळतात.

तांब्याची_तार
प्लॅनबद्दल सहमत. आधी दोष कुठे आहे ते शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. कॉल चालू असतानाच लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून राउटरला पिंग लावून ठेवा, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजत राहा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. राउटरचं उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं मध्येच २००-३०० वर उडतंय, तर दोष लाइनीत किंवा अपलोड तुंबलंय. राउटरचंच उत्तर ८०, १५०, पुन्हा ४ असं नाचत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. मग कितीही मोठा प्लॅन घ्या, कॉल तसाच तुटणार.

कॉलला मुळात वेग फार लागत नाही. झूमच्याच आकड्यांप्रमाणे ७२०पी चित्राचा ग्रुप कॉल साधारण २.६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पाठवतो आणि १.८ घेतो. म्हणजे तिघांचं मिळून अपलोड ८ च्या आत. लागतं ते सातत्य. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.११४ शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे गेला की माणसं एकमेकांच्या वाक्यात घुसतात आणि मग 'नाही नाही, तुम्ही बोला' सुरू.

रिकामटेकडा
मीटिंगचा निम्मा वेळ 'तुम्ही बोला' मध्ये आणि उरलेला 'माझा आवाज येतोय का' मध्ये. काम नंतर ईमेलवर होतं.

बिटरेट
तार यांनी 'अपलोड तुंबलंय' एवढ्यावर सोडलं, पण बहुतेक घरांत खरा चोर तोच आहे. प्लॅनची जाहिरात डाउनलोडची असते. कित्येक जोडण्यांना अपलोड त्याच्या दहाव्या हिश्श्याचंच असतं. त्यात कुणाचा तरी फोन चार्जिंगला लागला की फोटोंचा क्लाउड बॅकअप आपोआप सुरू होतो आणि मिळेल तेवढं अपलोड खातो. मोडेमच्या रांगेत पॅकेट (डेटाचे तुकडे) साचतात, आणि तुमच्या आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. डाउनलोडही मंदावतं, कारण 'मिळालं' अशी पोच परत पाठवायची तीही त्याच रांगेतून जाते.

उपाय दोन. फुकटचा: बॅकअप आणि ऑफिसच्या फोल्डरांचं सिंक रात्री ११ नंतर लावा. ज्या ॲपमध्ये वेळ ठरवता येत नाही तिथे अपलोडवर मर्यादा घालता येते. दुसरा: राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) असेल तर ते चालू करून मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा ठेवा. मग रांग मोडेममध्ये न साचता राउटरमध्ये साचते आणि राउटर आवाजाला पुढे काढतो. १०० टक्के ठेवलंत तर काही उपयोग नाही, रांग पुन्हा मोडेममध्येच.

मोजपट्टी
@बिटरेट, कंपनीच्या फुकट राउटरांत एसक्यूएम कुठून येणार? त्यात 'क्यूओएस' नावाचं, कुठल्या रहदारीला प्राधान्य ते ठरवणारं, बटण असतं. दाबलं की दिवा लागतो, बाकी काही होत नाही.

बिटरेट
@मोजपट्टी, पुष्कळदा खरं आहे. म्हणून फुकटचा उपाय आधी लिहिला. टीव्हीसुद्धा मीटिंगच्या वेळी ७२०पीवर ठेवा. २०२० च्या मार्चमध्ये युरोपात नेटफ्लिक्सनं व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) उतरवून स्वतःची रहदारी साधारण २५ टक्के कमी केली होती. जी युक्ती अख्ख्या खंडाला चालली ती एका घराला चालेल.

तांब्याची_तार
वायफायचं राहिलंच होतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या वायफाय ॲनालायझरमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल दिसतात. या तिघांतला सगळ्यात मोकळा घ्या, आणि 'मधला रिकामा दिसतोय' म्हणून ३ किंवा ८ मुळीच घेऊ नका. तसं केलं की दोन्हीकडच्यांचा कचरा तुमच्या अंगावर, तुमचा त्यांच्या. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून जेवणाच्या वेळेला कॉल हटकून अडखळतात.

५ गिगाहर्ट्झ स्वच्छ असतो पण भिंतीपुढे नांगी टाकतो. राउटरच्या खोलीत बसणाऱ्यानं ५, पलीकडच्यानं २.४. आणि राउटर कोपऱ्यातून, कपाटातून, टीव्हीच्या मागून काढून मोकळ्या जागी छातीच्या उंचीवर ठेवा. याला दमडी लागत नाही.

नुसतंच_वाचन
पलीकडच्या खोलीत रिपीटर लावला तर?

तांब्याची_तार
एका पट्ट्याचा स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच रेडिओवर, म्हणून वेग निम्म्यावर येतो आणि उशीर वाढतो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. लोक जिथे सिग्नल येत नाही तिथे नेऊन लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार?

माझा सल्ला केबल. कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक दर्जा) पुरे, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. कॅट ८ वगैरेचे पैसे वाचवा. तीन माणसांतल्या एकाला जरी केबलवर नेलं तरी उरलेल्या दोघांचं वायफाय सुधारतं, कारण हवा मोकळी होते. हा फायदा कुणी मोजतच नाही.

खिडकीपाशी
नेटवर बरंच झालं, आता आवाजाकडे वळू. एका खोलीत दोघं बोलत असतील तर पाठीला पाठ लावून बसणं उत्तम. तोंडं विरुद्ध भिंतींकडे.

ध्वनिक्षेपक
@खिडकीपाशी, ऐकायला बरोबर वाटतं, पण माइक कुठला यावर आहे. दिशादर्शी माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं गाळतो. माइकच्या समोर तुमचं तोंड असतं, आणि पाठीला पाठ लावलीत तर त्याच रेषेत, तुमच्या डोक्यामागे, दुसरा माणूस असतो. म्हणजे माइक त्याचंही इमानेइतबारे ऐकतो. त्यापेक्षा एकाच भिंतीला लागून शेजारी शेजारी, मध्ये दोन मीटर आणि एक उघडं भरलेलं पुस्तकांचं कपाट, हे बरं.

पण बसण्यापेक्षा जास्त फरक अंतरानं पडतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. लॅपटॉपचा माइक ४० सेंमीवर असतो. दांडीचा हेडसेट ५ सेंमीवर. ४० चे २०, २० चे १०, १० चे ५: तीनदा निम्मं, म्हणजे १८ डेसिबल. हे कुठलंही 'एआय नॉइज कॅन्सलेशन' फुकटात देत नाही. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, तोंडासमोर नाही. समोर ठेवलीत की प, फ, भ फुटतात.

नुसतंच_वाचन
ब्लूटूथचा चालेल ना? वायर नको वाटते.

ध्वनिक्षेपक
चालेल, पण माइक चालू झाला की ब्लूटूथ हेडफोन संगीताच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर उतरतो. आवाज एका चॅनेलचा आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा होतो. म्हणून गाणी सुरेख वाजवणारा महागडा हेडफोन मीटिंगमध्ये डबा वाजतो. शिवाय ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच, म्हणजे वर तार म्हणाले त्या गर्दीत आणखी एक. ३.५ मिमी पिनेचा साधा वायरवाला घ्या. पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर त्यात माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकू येईल. जुन्या कॉम्प्युटरला दोन वेगळी भोकं असतात, त्याला वाय आकाराचा जोड लागतो. यूएसबीचा घेतलात तर ही कटकटच नाही.

रिकामटेकडा
म्यूट बटणाबद्दल कुणीच बोललं नाही. महामारीनं मानवजातीला शिकवलेली सर्वांत महत्त्वाची कळ.

मोजपट्टी
आता मान. दोष टेबलाच्या उंचीचा असतो, लोक खुर्चीला शिव्या देतात. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंमी, खुर्चीची बैठक ४५. फरक ३० सेंमी. हात सैल सोडून कोपर काटकोनात ठेवलं तर बहुतेकांचं कोपर बैठकीपासून २० ते २५ सेंमीवर येतं. म्हणजे कळफलक ५ ते १० सेंमी जास्त वर आहे, आणि ते अंतर दिवसभर खांदे उचलून भरून काढलं जातं. मान धरते ती इथे.

स्वतःचं मोजा: खुर्चीत बसून कोपर ते बैठक. तेवढाच टेबल आणि बैठकीतला फरक हवा. टेबल कापता येत नाही, म्हणून बैठक उचला. मऊ उशी बसल्यावर दबून २ सेंमी उरते. घट्ट घडी घातलेली जाड सतरंजी किंवा फोमचा कडक तुकडा वापरा. मग पाय लोंबकळतील, तर बैठक जेवढी उचलली तेवढ्याच उंचीचं काहीतरी पायाखाली. हे दुसरं पाऊल गाळलं की मांडीच्या मागे कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. लॅपटॉपला त्यासाठी १५ ते २० सेंमी उचलावं लागतं, आणि उचललं की वेगळा कळफलक आणि माउस घ्यावाच लागतो. नुसता स्टँड घेणं म्हणजे मान वाचवून मनगटं घालवणं.

बिटरेट
आणि पुस्तकांच्या थप्पीवर ठेवणाऱ्यांनी लॅपटॉपच्या पोटाकडे बघा. बहुतेकांचा पंखा हवा खालून ओढतो. पूर्ण थप्पी नको, दोन कडांना दोन थप्प्या आणि मधे मोकळी जागा. तापला की प्रोसेसर वेग उतरवतो, व्हिडिओ अडखळतो, आणि माणूस नेटच्या नावानं खडे फोडतो.

खिडकीपाशी
खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. समोरही नको, डोळे दिपतात. बाजूला.

साबणपाणी
थोडं अवांतर, पण रोजचंच. बाहेरून आलेलं प्रत्येक पाकीट पुसायला रोज पाऊण तास घालवणारी घरं २०२१ मध्येही होती. मार्च २०२० मध्ये विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडतो असा अभ्यास आला, तेव्हापासून हे सुरू झालं. पुसणं सोडू नये असंच माझं मत, पण त्यात चुका फार. पृष्ठभागाला ०.१ टक्के हायपोक्लोराइट पुरतं: ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिली घेऊन पाण्यानं १ लिटर करा. रोज ताजं बनवा, जुन्याचा जोर जातो. ओलं किमान एक मिनिट राहू द्या. लगेच कोरडं पुसलंत तर नुसती कसरत.

आणि ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातल्या आम्लानं क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या काच-क्लीनरबरोबर क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेततं. स्क्रीन आणि कळफलकाला ब्लीच नकोच. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन, यंत्र बंद करून पुसा. थेट फवारलं की फटींतून आत उतरतं.

खिडकीपाशी
@साबणपाणी, मिश्रणाचा इशारा सोन्यासारखा, पण पाकिटांबद्दल असहमत. तो अभ्यास प्रयोगशाळेतला होता, बराच मोठा डोस टाकून केलेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये सीडीसीनं (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनं) स्पष्ट लिहिलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ हूनही कमी. हात २० सेकंद साबणानं धुतले की झालं. तो पाऊण तास हवेवर खर्च करा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. एकच असेल तर दार उघडं ठेवून खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा. खोलीत नुसता ठेवलेला पंखा आतलीच हवा घुसळतो, बाहेर फेकणारा ताजी हवा दाराकडून ओढतो.

शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. बाहेर ४२५ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास असतं, खोलीत ८०० च्या आत ठेवा. बंद खोलीत दोघं कॉलवर बसली की तासाभरात १,००० च्या वर जातं, आणि मग अकराच्या मीटिंगला येणारी पेंग फक्त बोलणाऱ्याचा दोष राहत नाही.

साबणपाणी
१०,००० मध्ये १ म्हणजे शून्य नव्हे. घरात वयस्कर माणूस असेल तर मी हँडल आणि नळ तरी पुसेनच.

खिडकीपाशी
हँडल आणि नळ पुसा की. बिस्किटाचे पुडे सोडा, एवढंच म्हणणं.

मोजपट्टी
खिडकी उघडता येत नसेल तर हवा गाळणारा घरगुती कॉर्सी-रोझेन्थाल डबा: मर्व्ह-१३ दर्जाचे (बारीक कण अडवणारे) २० इंची चार फिल्टर चौकोनात उभे, तळाला पुठ्ठा, वर २० इंची बॉक्स पंखा, हवा वर फेकणारा. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला. सांधे चिकटपट्टीनं बंद. पंख्याचे चार कोपरे मधे गोल भोक पाडलेल्या पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर फेकलेली हवा तिथूनच परत आत शिरते. रिचर्ड कॉर्सी यांची कल्पना, २०२० मध्ये जिम रोझेन्थाल यांनी बनवून दाखवली.

गॅरेजवाला
अवांतर चाललंच आहे तर: उभी राहिलेली गाडी. बंद गाडीही घड्याळ आणि अलार्मपायी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढते. दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्यावर येते आणि निम्म्यावर पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. दर रविवारी दोन मिनिटं जागेवर चालू करून काही होत नाही, सुरू करताना गेलेलंही भरून येत नाही. ऋण टर्मिनल, म्हणजे काळी वायर, आधी काढा, जोडताना ती शेवटी जोडा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. सपाटीवर गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

नळजोडणी
आणि बंद पडलेल्या ऑफिसातून वास येतो म्हणून उंदीर शोधू नका. न्हाणीच्या जाळीखालच्या सापळ्यातलं, म्हणजे वाकड्या नळीतलं, पाणी वाळलेलं असतं, गटाराची हवा सरळ वर येते. प्रत्येक जाळीत एक-दोन लिटर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल. तवंगामुळे पाणी लवकर वाळत नाही. महिनोन्‌महिने बंद इमारतीत माणसं परत आणण्याआधी सगळे नळ सोडून जुनं पाणी काढून टाका. कोमट साचलेल्या पाण्यात, २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तो तुषारांतून फुप्फुसात जातो. शॉवर सोडताना तोंड लांब.

रिकामटेकडा
राउटरपासून गटारापर्यंत चोवीस प्रतिसादांत. उत्तम वेग आहे, पिंग तपासा.

धागापाल
गाडी आणि गटार यांसाठी वेगळा धागा काढा, प्रतिसाद हलवून देऊ. इथे मूळ प्रश्नाकडे या.

बिटरेट
मूळ प्रश्नातलं एक राहिलं: वीज. दिवे गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मरतो. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. फायबर असेल तर राउटरबरोबर ओएनटीलाही (फायबर जिथे जोडलेली असते त्या डबीलाही) वीज लागते. ते विसरलं जातं, मग वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि नेट शून्य. हिशेब: दोन्ही मिळून साधारण १२ वॅट. १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-तास, रूपांतरातली घट जाऊन ३० धरा. अडीच तास. जोडण्याआधी ॲडॉप्टरवरची खूण बघा, मधली पिन धन आहे का. उलटी लागली तर राउटर गेला. पर्याय म्हणून फोन यूएसबीनं जोडून नेट वापरा. हॉटस्पॉटपेक्षा स्थिर, आणि फोन चार्जही होतो.

दुपारपाळी
सगळ्यांचे आभार. आता भांडण लावते: या सगळ्यात पहिला कोण? केबल, हेडसेट की खुर्ची?

तांब्याची_तार
केबल.

ध्वनिक्षेपक
हेडसेट. तुटलेलं चित्र माणूस खपवून घेतो, तुटलेला आवाज नाही. कॅमेरा बंद केला तर कॉल १०० केबीपीएसच्या आत भागतो. पण घोगऱ्या माइकला तसा पळवाटीचा उपाय नाही. आणि तिघांत एकच हेडसेट परवडत असेल तर मुलाला नाही, जो सर्वांत जास्त बोलतो त्याला. मुलाला ऐकायचं असतं, साधे इयरफोन पुरतात.

मोजपट्टी
दोघंही आपापलं दुकान चालवताय. सतरंजी आणि पायाखालचा ठोकळा फुकट आहेत, आजच होतात. राउटर कोपऱ्यातून काढणंही फुकट, बॅकअप रात्री लावणंही. खरेदीचा प्रश्न त्यानंतर.

दुपारपाळी
@मोजपट्टी, फुकटचं आज रात्री. खरेदीत मग केबल आणि एक हेडसेट, प्लॅन तसाच. @तार, दाराखालून केबल नेली तर चेपून खराब नाही ना होणार?

तांब्याची_तार
चपटी कॅट ५ई किंवा ६ घ्या. दाराच्या फटीतून सरळ न्या, बिजागरीच्या बाजूनं नको, तिथे दर वेळी दुमडते. वळणाला घट्ट घडी घालू नका, निदान आगपेटीच्या रुंदीएवढा गोल ठेवा. लांबी मोजताना भिंतीच्या कडेनं मोजा, हवेतून नाही, आणि वर दोन मीटर जास्त धरा. लावल्यावर राउटरच्या त्या भोकाचा दिवा बघा. लॅपटॉपमध्ये १०० ऐवजी १,००० दिसायला हवं. दोन्हीकडची भोकं गिगाबिटची असूनही १०० दिसलं तर आठपैकी एखादी तार तुटलीय किंवा क्लिप नीट बसली नाही. कॉलला तेही पुरेल, पण नवी केबल असेल तर बदलून घ्या.